पाना कोणाच्या हातात, वही कोणाच्या हातात: इंजिनिअरिंगला निघालेल्या पोरींसाठी आणि त्यांच्या बॅचमधल्या पोरांसाठी

दरवर्षी ॲडमिशनचे राउंड सुरू झाले की गोव्यात आमच्या डिचोलीकडच्या दोन-चार घरांतून मला फोन येतोच. मुलीला मेकॅनिकल मिळतंय, घ्यावं का, सिव्हिल नको ना, आयटीसाठी पुढच्या राउंडपर्यंत थांबलो तर चालेल का. मी मेकॅनिकल केलंय आणि आता वेर्ण्याला एका फॅक्टरीत मेंटेनन्सला आहे म्हणून फोन मला. दर वेळी तेच तेच सांगते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अजून चार गोष्टी सांगायच्या राहिल्या, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलींबद्दलचे जे समज असतात ते कोणी समोर येऊन बोलून दाखवतं असं क्वचितच होतं. ते कामाच्या वाटणीत लपलेले असतात. लॅबमध्ये चौघांची बॅच, समोर एक इंजिन, आता बघा पाना कोणाच्या हातात आहे आणि रीडिंग लिहायची वही कोणाच्या हातात आहे. दहातल्या आठ वेळा वही मुलीच्या हातात असते. का, तर तुझं अक्षर चांगलं आहे, तू सिन्सियर आहेस. हे कौतुक म्हणूनच बोललेलं असतं, बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण चार वर्षं पाना ज्याच्या हातात त्याला पाना येतो आणि वही जिच्या हातात तिला वही येते, आणि शेवटच्या वर्षाला तेच लोक म्हणतात बघा, मुलींना थिअरी येते पण प्रॅक्टिकल जमत नाही. म्हणून मी पोरींना सांगते, मुली कमी नसतात वगैरे वाद घालत बसू नका, त्यात दमायला होतं आणि हाती काही लागत नाही. वाटणी बदला.

माझं स्वतःचं सांगते. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब होता, माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा, कानस मारून चारी बाजू काटकोनात आणायच्या. माझी कानस पहिल्या दिवशी नुसती घसरत होती. आमचे इन्स्ट्रक्टर फार मायाळू माणूस, वडिलांच्या वयाचे, ते आले आणि म्हणाले, "तूं राव गो बाय, हांव करून दितां," म्हणजे तू थांब, मी करून देतो. आणि पाच मिनिटांत बाजू सपाट करून दिली. पुढच्या आठवड्यात पण तसंच. शेजारच्या व्हाइसवर (जॉब घट्ट पकडायचा शिकंजा) एका मुलाचा जॉब माझ्यापेक्षा वाईट होता, त्याला ते ओरडले आणि परत कर म्हणाले. त्याने तीन वेळा परत केला. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे एक्झामिनर आले, मदतीला कोणी येणार नव्हतं, आणि मी व्हाइससमोर उभी राहिले तर मला कानस सरळ धरता येत नव्हती. जॉबच्या कडा खाली आणि मध्ये फुगवटा, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावला तर दोन्ही बाजूंनी उजेड. कशीबशी पास झाले. ज्याला ओरडा बसला होता त्याचा जॉब बोर्डावर लावला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी साखळीला मामाच्या ओळखीच्या एका ग्रिलवाल्याकडे दहा दिवस जाऊन नुसती कानस मारली. तिथे कळलं की ताकदीचा प्रश्नच नव्हता. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताचा तळवा टोकावर, पुढे ढकलायला सुरुवात करताना दाब डाव्या हातावर जास्त, जसजशी कानस पुढे जाते तसा दाब उजव्या हातावर सरकवत न्यायचा, म्हणजे ती डुलत नाही, आणि मागे ओढताना दाब अजिबात द्यायचा नाही. कानस डुलली की कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. एवढंच. हे कोणालाही दोन तासांत शिकवता येतं, मला कोणी शिकवलं नाही कारण मला करून देण्यात आलं. करून देणं आणि शिकवणं यातला हा फरक मला फार महाग पडला म्हणून तुम्हाला सांगतेय.

तर पहिल्या दिवसापासून एक वाक्य पाठ करून ठेवा: "सर, तुमी दाखयात, पूण करतलें हांव," तुम्ही दाखवा, पण करणार मी. मराठीत म्हणा, कोकणीत म्हणा, इंग्रजीत म्हणा, पण हसून आणि जॉब हातातून न सोडता म्हणा. बहुतेक सर लोकांना यात काही वाईट वाटत नाही, उलट पुढच्या वेळी ते तुम्हालाही ओरडतात, आणि वर्कशॉपमध्ये ओरडा खाणं ही चांगली खूण आहे, म्हणजे तुमच्याकडून अपेक्षा ठेवली गेली.

लॅबची वाटणी

पहिल्या प्रॅक्टिकललाच, कोणाला काही सवय लागायच्या आधी, वहीच्या शेवटच्या पानावर एक टेबल करा. आडवी बॅचमधली चार नावं, उभे प्रॅक्टिकलचे नंबर, आणि प्रत्येक खणात काम: जोडणी, रीडिंग घेणं, कॅल्क्युलेशन, लिहिणं. दर वेळी काम एक घर पुढे सरकेल. हे मुलगी म्हणून मागायचं नाही, सगळ्यांचा सराव व्हावा म्हणून करूया असं सांगायचं, आणि ते खरंही आहे कारण ओरलला प्रश्न सगळ्यांना विचारतात. ज्या मुलाने कधी कॅल्क्युलेशन केलेलं नाही तो पण तिथे अडकतोच. आमच्या बॅचला हे तिसऱ्या सेमिस्टरला सुचलं, पहिल्याला सुचलं असतं तर बरं झालं असतं. इलेक्ट्रिकलच्या लॅबला तर हे जास्तच लागतं, कारण तिथे जोडणी करणारा एकच जण चार वर्षं जोडणी करत राहतो आणि बाकीचे लांबून बघतात, शॉक बसेल म्हणून मुलींना मागे उभं करतात. सप्लाय बंद आहे का बघून, सरांकडून जोडणी तपासून मगच चालू करायचं हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, मुलाला काही शॉक कमी बसत नाही.

केस बांधून टोपीखाली, बांगड्या-ओढणी काढून ठेवायची, लेथजवळ, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनजवळ, लांब बाही नको, यावर मात्र वाद घालू नका. हा नियम लेथच्या फिरणाऱ्या चकचा (जॉब पकडणाऱ्या भागाचा) आहे, लांब केस असलेल्या मुलालाही तोच.

प्रोजेक्टचं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. कोडिंग किंवा मशिनिंग मुलं करणार आणि रिपोर्ट, पीपीटी, प्रेझेंटेशन मुलगी करणार, कारण मुली बोलतात छान. मग ओरलला परीक्षक विचारतात हा फंक्शन का वापरला आणि मुलगी गप्प, आणि समज आणखी पक्का. उपाय सोपा आहे पण सुरुवातीलाच करावा लागतो: प्रोजेक्टचे भाग पाडताना प्रत्येकाच्या नावावर एक चालणारी गोष्ट असली पाहिजे. सेन्सरचा भाग अमक्याचा, मोटर कंट्रोल तमकीचा, आणि रिपोर्टचं चॅप्टर ज्याचं काम त्यानेच लिहायचं. कोड गिटवर (कोणी काय लिहिलं त्याची नोंद ठेवणारी सोय) टाकत असाल तर स्वतःच्या अकाउंटवरून टाका, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसून त्याच्या नावाने नाही. इंटरव्ह्यूला विचारतात तेव्हा हेच दाखवता येतं.

कोडिंग हे मुलांचंच असं कोणी म्हणालं तर एवढं माहीत असू द्या की १९४६ साली जगासमोर आलेल्या एनियाक या मोठ्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाच्या सहा जणी बायका होत्या. तेव्हा ते काम वायरी आणि स्विच लावून करायचं, आणि ते दुय्यम काम समजलं जायचं म्हणून बायकांना दिलं होतं. पुढे त्याला मान आणि पैसा आला तेव्हा ते पुरुषांचं झालं. यात बायकांच्या डोक्याचा काही संबंध आला का, तुम्हीच बघा.

अजून एक, वेळेचं. फोंड्याहून आमच्याकडे यायला शेवटची बस कितीला हे ज्या मुलीला रोज मोजावं लागतं ती ग्रुपसोबत रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये थांबू शकत नाही, आणि खरं काम सगळं तेव्हाच होतं. मग म्हणतात ती इंटरेस्ट घेत नाही. ग्रुपने आठवड्यातल्या दोन दुपारी ठरवून टाकाव्यात आणि महत्त्वाची जोडणी तेव्हाच करावी. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने हे स्वतःहून सुचवलं होतं, त्याचे आभार मी आजही मानते.

हॉस्टेलवर असाल आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद, मुलांचं उघडं, लायब्ररी आणि लॅब मुलांनाच उशिरापर्यंत, असं असेल तर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम वाचून काढा, लैंगिक छळ रोखण्यासाठीचे आहेत ते. त्यात स्पष्ट म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावायचे नाहीत. भांडण न करता, चार-पाच जणींच्या सह्यांचा अर्ज, त्या नियमाचा उल्लेख, आणि सोबत एक ठोस मागणी, उदाहरणार्थ प्रोजेक्टच्या महिन्यात लॅबपासून हॉस्टेलपर्यंत कॉलेजची गाडी. नुसती तक्रार केली तर फाईलमध्ये जाते, मागणी केली तर हो किंवा नाही असं काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

घरी काय सांगायचं

आमच्या घरात खाणीवर चालणारा ट्रक होता. जॅक लावायचा असला की बाबा हाक भावाला मारायचे आणि मला चहा आण म्हणायचे. मी चहा ठेवून तिथेच उभी राहायचे, म्हणून कुठला पाना कुठे बसतो ते मला भावाच्या आधी कळायला लागलं. तरीही मेकॅनिकलचं नाव काढल्यावर बाबा म्हणाले, साईटवर कोण जाणार, लग्नाचं काय. ते वाईट बोलत नव्हते, त्यांनी बाई त्या जागी कधी बघितलीच नव्हती. म्हणून घरच्यांशी भांडण्यापेक्षा त्यांना दाखवा. नात्यात, गावात, कोणी इंजिनिअर बाई असेल तर तिच्याशी आईबाबांचंच बोलणं करून द्या. मला फोन येतात ते यासाठीच, आणि मी कधीच कंटाळत नाही.

आणि ही गोष्ट सांगा. अय्यलसोमयाजुला ललिता, मद्रासकडच्या. १८ व्या वर्षी विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्यांचे वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, त्यांनी मुलीला तिथे इलेक्ट्रिकलला घातलं, साल १९४०. त्यांच्या पाठोपाठ लीलाम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. कॉलेजच्या सर्टिफिकेटवर छापलेलंच होतं इंग्रजी ‘ही’ (He), म्हणजे ‘तो’, कारण बाई पास होईल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं, तर ते खोडून हाताने ‘शी’ (She) लिहावं लागलं. ललिताबाईंनी पुढे भाक्रा नांगलच्या ट्रान्समिशन लाइनच्या डिझाइनवर काम केलं आणि थ्रेसिया १९७१ साली केरळच्या पीडब्ल्यूडीच्या चीफ इंजिनिअर झाल्या. साईटवर कोण जाणार याचं उत्तर तेव्हाच मिळालेलं आहे. माझ्या बाबांना यातलं सगळ्यात जास्त पटलं ते ललिताबाईंचे वडील, मुलीच्या पाठीशी उभे राहिलेले.

खाणपट्ट्यातल्या लोकांसाठी आणखी एक. १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी होती आणि उघड्या खाणीवर रात्रपाळीलाही. २०१९ साली केंद्र सरकारने अटी घालून ही वाट मोकळी केली, बाईची लेखी संमती, सुरक्षिततेची सोय, जमिनीखाली टेक्निकल आणि सुपरवायझरी कामाला फक्त दिवसा, अशा तेव्हाच्या अटी. म्हणजे मायनिंग शिकून मुलगी काय करणार, कायदाच परवानगी देत नाही, हे आता तसंच्या तसं खरं नाही.

पैशाची अडचण असेल तर एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप बघा, फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,००० रुपये, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींना मिळते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तारीख चुकवू नका, उत्पन्नाचा दाखला मामलेदार ऑफिसातून आधीच काढून ठेवा, गणेश चवथीच्या दिवसांत तिथे काम पुढे सरकत नाही.

"तुला काय, मुलींची सीट"

हे फार लागतं, विशेषतः ज्या पोरी आयआयटी-एनआयटीला जातात त्यांना. आपल्याकडे आता दोन्ही आहेत, एनआयटी २०१० पासून, आता कुंकळ्ळीला, आणि आयआयटी २०१६ पासून फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेजच्याच आवारात, म्हणून हे बोलणं गोव्यातल्या घराघरात पोचलंय. उत्तर शांतपणे द्यायचं, रडवेलं व्हायचं नाही आणि चिडायचं पण नाही. २०१८ पासून मुलींसाठी ज्या सीट आल्या त्या जास्तीच्या सीट आहेत, मुलांच्या वाट्याच्या काढून दिलेल्या नाहीत. आणि त्यासाठीही आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्ड पास होऊन, एनआयटीला जेईई मेनमधून, रँक लिस्टमध्ये यावंच लागतं. त्याआधी आयआयटीत शंभरात दहा मुलीसुद्धा नव्हत्या, २०१८ ला १४ टक्के आणि २०२० पर्यंत २० टक्के असं ठरवून ते वाढवलं. आत गेल्यावर पेपर सगळ्यांना तोच. एवढं एकदा सांगा आणि विषय सोडा. जो ऐकूनही तेच बोलतो त्याला दुसऱ्यांदा समजावण्यात तुमचा अभ्यासाचा वेळ जातो.

कॅम्पस प्लेसमेंटलाही हेच ऐकू येतं, मुलगी म्हणून घेतलं. याच्या उलट बाजूची एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१२ साली अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, अर्ध्यांना जॉन नावाने, अर्ध्यांना जेनिफर नावाने. अक्षरही न बदलता जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगार सुचवला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. आणि बाई प्राध्यापकांनीही तेच केलं. म्हणून मॅडम आहेत तर त्या समजून घेतीलच असं गृहीत धरू नका, आणि त्या वेगळ्या वागल्या तर मनाला लावूनही घेऊ नका, त्या पण याच हवेत वाढल्यात.

वर्गात सर विनोद करतात

मशीन म्हणजे बायकोसारखी असते वगैरे, सगळा वर्ग हसतो. एकदाच झालं तर तासानंतर दोघी-तिघींनी जाऊन सांगायचं, सर, ते आम्हाला आवडलं नाही. माझा अनुभव असा की बऱ्याच सरांना हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं आणि ते खरंच थांबतात. एकटीने जाऊ नका, भिऊन नाही, पण एकटीचं म्हणणं "ती जरा सेन्सिटिव्ह आहे" यात निघून जातं.

पण अंगचटीला येणं, मेसेज, मार्कांची धमकी, शरीराबद्दल बोलणं, हे विनोदाच्या खात्यात टाकू नका. प्रत्येक कॉलेजला इंटर्नल कमिटी असायलाच हवी, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने, तिची अध्यक्ष बाईच असते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. त्यामुळे ज्या दिवशी झालं त्या दिवशीच तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द काय, हे लिहून ठेवा, तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा. मेसेज डिलीट करू नका. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

बॅचमधल्या मुलांनो

तुम्हाला फार काही करायचं नाहीये. पाना हातात आला की एकदा विचारा, तू लावतेस का. तिला वेळ लागला तर काढून घेऊ नका, तुम्हाला पण लागला होता. तिने मीटिंगमध्ये सांगितलेली आयडिया पाच मिनिटांनी दुसऱ्या कोणी सांगितली आणि सगळे वा म्हणाले, तर हे आधी तिने सांगितलं होतं एवढं एक वाक्य बोला. तुम्ही बोललात की ते लगेच पोचतं, ती बोलली की भांडण वाटतं. हे बरोबर नाही, पण सध्या असंच आहे, तर तुमच्या बोलण्याचा उपयोग होऊ द्या.

आता पहिल्या सेमिस्टरची तयारी. ॲप्रन कॉलेजजवळच्या दुकानात मिळतात ते मुलांच्या मापाचे, बाह्या बोटांपर्यंत येतात आणि मशीनजवळ तेच धोक्याचं, म्हणून कापड घेऊन आपल्या टेलरकडून शिवून घ्या, बाही कोपराच्या वर, खिसा मोठा, त्यात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) मावला पाहिजे. सेफ्टी शूज चार-पाच नंबरचे दुकानात लगेच मिळत नाहीत, ऑर्डर द्यावी लागते आणि यायला दिवस लागतात, तेव्हा ॲडमिशन पक्कं झालं की लगेच सांगून ठेवा. मोठे घेऊन आत कापूस भरू नका, मी तसं केलं होतं आणि पूर्ण सेमिस्टर लेथसमोर नीट उभी राहू शकले नाही. ग्लोव्हज वेल्डिंगला लागतील, लेथवर मात्र घालायचे नाहीत. आणि स्वतःचा एक छोटा ट्राय स्क्वेअर घ्या, उजेडाकडे धरून बघायची सवय घरीच लावा, टेबलाचा कोपरा, खिडकीची चौकट, जे दिसेल त्यावर.